गाडीत मुरलेला धूर

भिवंडीजवळच्या वडपे गावात राहणाऱ्या आमच्या एका शिक्षकस्नेह्यांनी जुनी मोटार विकत घेतली. पहिला मालक गाडीत सिगारेट ओढत असे, हे दार उघडताच कळत होते. "काचा चार दिवस उघड्या ठेवा, वास जाईल," असे विकणाऱ्याने सांगितले. त्यांनी काचा आठ दिवस उघड्या ठेवल्या, सुगंधी डबीही लावली. वास गेला. पण एप्रिलमधल्या एका दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले, तो वास पुन्हा हजर! त्यांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. सिगारेट तर कित्येक महिन्यांत कोणी पेटवलेली नाही, मग वास येतो कुठून? आणि दोन वर्षांच्या नातीला या गाडीत बसवावे का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे शालेय रसायनशास्त्राच्या आधाराने देता येतात.

धूर जातो कुठे?

तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक रसायने असतात. त्यांतील सुमारे ७० कर्करोगाशी संबंधित आहेत. काही रसायने वायुरूप असतात, तर बाकीची डांबरासारख्या चिकट द्रवाच्या अतिसूक्ष्म कणांत असतात. हे कण साधारण एक सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. आपल्याला दिसणारा धूर म्हणजे हेच कण. काचा उघडल्यावर हवेतला धूर काही मिनिटांत बाहेर जातो. परंतु तोपर्यंत त्याचा बराच भाग पृष्ठभागांवर बसलेला असतो.

येथे दोन क्रिया घडतात. काच, धातू यांसारख्या कठीण वस्तूंवर रेणूंचा पातळ थर चिकटतो; याला अधिशोषण म्हणतात. प्लास्टिक, आसनातील फोम, छताचे अस्तर यांच्या मात्र आतपर्यंत रेणू शिरतात. हे शोषण होय. हिंग ठेवलेला स्टीलचा डबा घासला की वास जातो, प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी तो हिंगाचाच राहतो. मोटारीचा अंतर्भाग म्हणजे बहुतांशी प्लास्टिकचाच डबा आहे.

वास परत का येतो?

चिकटलेले रेणू कायमचे अडकलेले नसतात. काही सुटून हवेत जातात, काही परत बसतात. काचा उघड्या ठेवल्या की सुटलेले रेणू वाहून जातात आणि वास मंदावतो. पण पृष्ठभागांतला साठा तसाच असतो. गाडी बंद केली की हवेत रेणू पुन्हा जमू लागतात.

यात तापमानाचा वाटा मोठा आहे. निकोटीनचा उत्कलनांक सुमारे २४७ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे साध्या तापमानाला त्याची वाफ फार थोडी होते. मात्र त्याचा बाष्पदाब दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. उन्हात बंद असलेल्या गाडीत पारा ३० वरून ५० अंशांवर सहज जातो. म्हणजे बाष्पदाब चौपटीहून अधिक वाढतो. धुरातील पिरिडीन, फिनॉल अशी अधिक उग्र वासाची संयुगेही अशीच सुटतात. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. दमट हवेतील पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील जागा पटकावतात आणि तेथील काही रेणूंना हुसकावतात. कोकणपट्टीच्या हवेत अशा गाडीला वर्षातून दोन ऋतू वासाचे असतात, ते यामुळे.

सुगंधी डबी या साठ्याला हातही लावत नाही. ती हवेत आणखी एका वासाची भर घालते, एवढेच.

बोंबील, कोकम आणि निकोटीन

साठा काढायचा कसा? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. मासळीला लिंबू किंवा कोकम लावले की उग्र वास कमी होतो. त्या वासाला मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइन हे आम्लारी कारणीभूत असते. आम्लाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनतो. क्षाराची वाफ होत नाही आणि तो पाण्यात विरघळतो. वाफ नाही म्हणजे वास नाही.

निकोटीन आणि पिरिडीन हीदेखील आम्लारीच आहेत. पाण्याचा सामू ८ च्या आसपास असेल तर निकोटीनचे निम्मे रेणू मुक्त रूपात असतात. पातळ केलेल्या शिरक्याचा सामू ३ च्या आसपास असतो. सामूच्या प्रत्येक एककाला दहापट फरक पडतो, म्हणून पाच एककांनी मुक्त रेणूंचे प्रमाण लाखात एक इतके खाली येते. शिरक्याने धूर "खाल्ला जातो" असे म्हणतात, त्यामागचे कारण हे.

मात्र क्षार तयार झाला म्हणजे निकोटीन नाहीसे झाले असे नव्हे. तो ओल्या फडक्याने पुसून काढला पाहिजे. तसाच राहिला आणि नंतर त्यावर अमोनियायुक्त काच-साफ करण्याचा द्रव पडला, तर निकोटीन पुन्हा मोकळे होते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

कामाचा क्रम

१. रक्षापात्र, पायपुसणी बाहेर काढावी. वातानुकूलन यंत्राची हवागाळणी बदलावी. एरवी यंत्र सुरू होताच जुना वास आतच फिरत राहतो.

२. धूळ निर्वात यंत्राने ओढून घ्यावी. निकोटीन धुळीवरही बसलेले असते.

३. काच व प्लास्टिक साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे. डांबरासारखा तेलकट थर पाण्याने निघत नाही, साबणाने निघतो. फडके पिवळट-तपकिरी होईनासे होईपर्यंत ते बदलत राहावे.

४. नंतर निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या शिरक्याने आणि शेवटी साध्या पाण्याने पुसावे. कापडी आसनांवर हेच मिश्रण हलके फवारून कोरड्या फडक्याने दाबून टिपावे. छताचे अस्तर भिजवू नये. डिंक सुटून ते लोंबू लागते.

५. सर्व दारे उघडी ठेवून गाडी पूर्ण वाळवावी. मग आसनांवर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी ओढून घ्यावा. धुरातील आम्लधर्मी संयुगांवर तो काम करतो. शिरका आणि सोडा एकत्र मात्र करू नयेत. फेस छान येतो, पण दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात. शिरका आणि कपड्यांचे ब्लीच तर कधीच एकत्र आणू नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

६. यापुढे ऊन आपल्या मदतीला घ्यावे. गाडी दोन तास बंद ठेवून तापवावी आणि मग सर्व दारे उघडावीत. फोममध्ये खोल गेलेले रेणू उष्णतेने बाहेर येतात आणि वाऱ्याबरोबर जातात. हे अनेक दिवस करावे लागते. रात्री गाडीत क्रियाशील कोळशाची पिशवी ठेवावी. त्याच्या एका ग्रॅमला सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. चुलीच्या कोळशात हा गुण फारच थोडा.

ओझोन यंत्राने वास घालवून देणारे लोकही भेटतात. ओझोन अनेक रेणू तोडतो हे खरे. पण निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. शिवाय तो फुप्फुसांना घातक आहे आणि रबराला चिरा पाडतो. आम्ही तो सुचवत नाही.

आणि नात?

आता दुसरा प्रश्न. पृष्ठभागांवर उरलेल्या या धुराला शास्त्रज्ञ "तिसऱ्या हाताचा धूर" म्हणतात. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००८ साली विक्रीला आलेल्या जुन्या मोटारी तपासल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाड्यांत हवा, धूळ आणि पृष्ठभाग या तिन्ही ठिकाणी निकोटीन आढळले. २०१० साली लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील गटाने दाखवले, की पृष्ठभागावरील निकोटीन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावते आणि कर्करोगकारक नायट्रोसामाइने तयार होतात. त्यांनी सतत धूम्रपान करणाऱ्या एका ट्रकचालकाच्या गाडीतील पृष्ठभागही तपासले, तेथे ही संयुगे सापडली. नायट्रस आम्ल इंजिनांच्या धुरातून येते. मुंबई-नाशिक महामार्गावर, गोदामांच्या मालमोटारींच्या रांगांत वसलेल्या वडप्याला त्याची वाण नसणार!

लहान मूल आसनावर हात फिरवते आणि तोच हात तोंडात घालते. वजनाच्या मानाने ते श्वासही जास्त घेते. म्हणून आम्ही स्नेह्यांना सांगितले: आधी सफाई पूर्ण करा, मुलीच्या आसनाला धुता येईल असे सुती आवरण घाला, ते वारंवार धुवा आणि प्रवासानंतर तिचे हात धुवा.

आणि स्वतःच्या नाकावर विसंबू नका. कोणत्याही वासाला नाक काही मिनिटांत सरावते. गाडी उन्हात बंद ठेवून बाहेरच्या माणसाला दार उघडायला सांगावे, ही परीक्षा खरी. तरीही वास नाही म्हणजे निकोटीन नाही, असे होत नाही. निकोटीनचा स्वतःचा वास सौम्यच असतो. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कडक मनाई आहे. स्वतःच्या मोटारीत मात्र तो निर्णय आपणच घ्यायचा असतो आणि त्याचे परिणाम गाडीच्या पुढच्या मालकाच्या नातीपर्यंत पोचतात.

वर्गात करून पाहा

झाकणाच्या डब्यात चिरलेला कांदा, स्टीलचा चमचा, सुती कापड आणि स्पंजचा तुकडा रात्रभर ठेवा. सकाळी कांदा काढून तिन्ही वस्तू तासभर वाऱ्यावर ठेवा. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या काचेच्या बरणीत बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा आणि खोलीबाहेर असलेल्या विद्यार्थ्यांना वास घ्यायला सांगा. कोणत्या वस्तूने वास परत दिला?

आता कांद्याचा वास लागलेल्या कापडावर आणि मासळीचा वास लागलेल्या कापडावर शिरका लावून पाहा. एकावर तो चांगला चालतो, दुसऱ्यावर फारसा नाही. का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. कांद्याचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो, एवढाच धागा त्यांना द्यावा.