मॅटिल्डाचा निळा आणि दप्तरातला करडा

१९४० सालच्या डिसेंबरात, इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीच्या अलीकडे असलेल्या निबेवा येथील इटालियन तळावर जे मॅटिल्डा रणगाडे पहाटे चालून गेले आणि ज्यांच्या पाठोपाठ चौथ्या हिंदी डिव्हिजनचे पायदळ आत शिरले, त्या मॅटिल्डांची प्रतिकृती करावयास जो कोणी बसतो, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो: निळा लावावा की करडा? ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, या रणगाड्यांवरच्या रंगयोजनेत तीन रंगांचे, सरळ कडांचे, तिरकस पट्टे रणगाड्याच्या आकाराला छेद देत जात, आणि बघणाऱ्याला पुढचा भाग कोणता व मागचा कोणता हे चटकन उमगू नये असा त्यांचा हेतू असे. त्यांतील वाळूसारखा फिकट रंग आणि गडद रंग यांविषयी फारसा तंटा नाही. मधला रंग मात्र कित्येक वर्षे पुस्तकांतील चित्रांत, खेळण्यांच्या पेट्यांवर, इतकेच नव्हे तर संग्रहालयांत जतन केलेल्या खऱ्या रणगाड्यांवरही स्वच्छ आकाशी म्हणून रंगवला गेला. माझ्या संग्रहातील पहिला मॅटिल्डाही मी तसाच रंगवला होता, आणि तो खरवडून काढण्याचे काम मला आजही आठवते.

वस्तुतः तो रंग निळा नव्हता. ब्रिटिश मानक क्रमांक ३८१ च्या रंगसूचीत त्या तिन्ही रंगांना क्रमांक होते: ‘लाइट स्टोन’ ६१, ‘सिल्व्हर ग्रे’ २८ आणि ‘स्लेट’ ३४. यांतला मधला, म्हणजे ‘सिल्व्हर ग्रे’, हा किंचित हिरवट झाक असलेला फिकट करडा होय. माइक स्टारमर या ब्रिटिश अभ्यासकाने हुकूम आणि रंगांचे अधिकृत नमुने समोर ठेवून हे चिकाटीने मांडले, तेव्हा कोठे जाणकारांच्या फडताळांतून आकाशी रंगाच्या डब्या हलल्या. परंतु इतक्या डोळस माणसांनी करड्याला निळे का मानावे, याचे उत्तर मला त्या वादाहूनही अधिक मोलाचे वाटते. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातील रंगकामाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, शेजारी ठेवलेले दोन रंग परस्परांना आपापल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. पिवळसर रंगाला खेटून ठेवलेला करडा त्यामुळे निळसर भासू लागतो. मॅटिल्डाच्या अंगावर पिवळट वाळूच्या रंगाला लागूनच तो करडा होता, आणि सभोवार पुन्हा वाळूच. पाहणाऱ्यांनी जे पाहिले ते खोटे सांगितले असे नव्हे. त्यांनी भास प्रामाणिकपणे सांगितला, आणि पुढच्यांनी तो भासच डबीत भरला.

छायाचित्रांचा आधार घ्यावा म्हटले तर तोही सावधपणेच घ्यावा लागतो. त्या काळी वापरात असलेल्या काही फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ दाद देत नसत. त्यामुळे तांबडा रंग काळवंडे आणि निळा फिका पडे. ओळखीसाठी रंगवलेली तांबडी-पांढरी पट्टी अशा फिल्मवर काळी-पांढरी होऊन बसते. म्हणून कृष्णधवल छायाचित्रावरून पट्ट्यांची मांडणी घ्यावी, खाणाखुणा घ्याव्यात, चिखल कोठवर चढला आहे ते पाहावे. रंगाची छटा मात्र घेऊ नये.

ती छटा मिळते दप्तरात, आणि दप्तर प्रथम तारीख व मुक्काम विचारते. ब्रिटनमधील रणगाडा युद्धापूर्वी गडद ब्रॉन्झ हिरव्या रंगात असे. १९३९ पासून ‘खाकी ग्रीन’ क्रमांक ३ हा मूळ रंग झाला व त्यावर गडद हिरव्याचे पट्टे आले. १९४२ च्या मे महिन्यात सैन्याने नवा हुकूम काढून मूळ रंग चक्क तपकिरी ठरवला. हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई हे त्याचे कारण. पुढे अमेरिकेतून शेरमन रणगाडे त्यांच्या मूळच्या ऑलिव्ह रंगातच मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर, ते पुन्हा रंगवण्याचा खटाटोप टळावा म्हणून १९४४ च्या एप्रिलात ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह मूळ रंग म्हणून जाहीर झाला; तो अमेरिकन ऑलिव्हपेक्षा अधिक हिरवा आहे. मात्र या हुकुमांचा अर्थ असा नव्हे की ठरल्या दिवशी सारी फौज एका रंगाची झाली. कोठारातला जुना साठा आधी संपवावयाचा होता, आणि केवळ नवा हुकूम निघाला म्हणून सुस्थितीतला रंग झाकावयाचा नव्हता. म्हणूनच १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत एकाच तुकडीत तपकिरी गाडीशेजारी हिरवी गाडी उभी दाखवली, तर ती चूक ठरत नाही.

वाळवंटात तर हुकूम याहून लवकर बदलले. कॉन्टर यांची योजना १९४१ च्या अखेरीस मावळली. १९४२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे अल-अलामीनच्या लढाईच्या सुमारास, गुलाबी झाक असलेला वाळवंटी रंग मूळ म्हणून आला आणि त्यावर बहुधा गडद ऑलिव्हचे पट्टे. १९४३ मध्ये ‘लाइट मड’वर काळ्या रंगाचे गोलसर ठिपके आले, आणि तेच ट्युनिशियाहून सिसिली व इटलीपर्यंत गेले. तेव्हा ‘आठव्या सैन्याचा वाळूचा रंग’ असे नाव लिहिलेली कुपी दुकानदाराने पुढे केली, तर घेणाऱ्याने आधी विचारावे, कोणत्या सालचा?

अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश रणगाडे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात, आणि मॅटिल्डाच्या पोलादाची जाडी किंवा व्हॅलेंटाइनचा बुटका बांधा समजून घेण्यास त्यासारखी जागा नाही. परंतु उघड्यावरचे रणगाडे ऊनपावसापासून राखण्यासाठी वेळोवेळी रंगवावेच लागतात. त्यांच्यावरचा आजचा रंग हा देखभालीचा रंग आहे, युद्धकाळाचा दाखला नव्हे.

शुद्ध छटा सापडली तरी ती तशीच फासू नये, असे माझे मत आहे. पस्तीसपटीने लहान केलेली प्रतिकृती हातभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा रणगाडा पस्तीस हातांवरून पाहणे होय, आणि मध्ये हवा आली की रंग फिकटतो. म्हणून मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळावा; पण पांढऱ्याने रंग खडूसारखा निर्जीव होतो, त्यापेक्षा वाळूच्या रंगाचे दोन थेंब बरे. आणि शेवटी ओरखडे काढताना हात आवरावा. १९४३ साली तपकिरी रंगवलेल्या आणि नंतर ऑलिव्ह चढवलेल्या चर्चिल रणगाड्यावर, सैनिकांचे बूट जेथे घासत त्या कडेला, हिरव्याखालून तपकिरीच डोकावला पाहिजे. थेट पोलाद नव्हे.