झोपलाय, गेलेला नाही!

शुक्रवारच्या हुतात्मानं सोलापूर गाठलं की शनिवारी सकाळी पार्क चौकात चहा ठरलेलाच. या खेपेला चहा यायच्या आतच मित्रानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "वाच बे. आणि पार्टी कुठं करायची ते सांग."

व्हायरल लोडचा रिपोर्ट होता. टार्गेट नॉट डिटेक्टेड!

तीन वर्षांपूर्वी इथंच त्यानं मला सांगितलं होतं की तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. तेव्हा दोघांचाही चहा गार झाला होता. त्यामुळे आता मी जाम खूश. पण पुढच्या वाक्यानं ती खुशी उतरली. "व्हायरस गेला. घरी स्थळं बघणं चालूय. आईच्या हाती डबी लागायच्या आत गोळ्या बंद करून टाकतो."

(हे लिहायला त्याचीच परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मी मायक्रोबायोलॉजीचा एमएस्सी, पुण्यात फार्मा कंपनीत नोकरीला. म्हणजे मित्रमंडळींच्या हिशेबानं अर्धा डॉक्टर. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या शिक्षणाचा उपयोग झाला.

रिपोर्ट खरा होता. फक्त ती टेस्ट रक्तात मोकळे फिरणारे विषाणू मोजते, लपून बसलेले नाही. ते कुठं लपतात हे समजवायला सोलापुरी चादरीसारखी दुसरी सोय नाही. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. भोकांच्या हिशेबानं धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते. एचआयव्ही आपल्या सीडी-४ पेशीत शिरतो आणि स्वतःची माहिती थेट तिच्या डीएनएत घुसवतो. थोडक्यात, माळेत आपलं एक कार्ड शिवून टाकतो! माग चालू असला तर पेशी विषाणूच विणत बसते आणि बहुधा मरते. पण यातल्या काही पेशी विश्रांतीला जातात. जुन्या आजारांची आठवण ठेवून वर्षानुवर्षं स्वस्थ पडून राहणं हेच त्यांचं काम. माग बंद, कार्ड आत. बंद मागावर कुठली नक्षी चढवलीय हे बाहेरून कसं कळणार?

गोळ्या नव्या मागांवर ते कार्ड चढू देत नाहीत. शिवलेलं कार्ड मात्र त्यांना उसवता येत नाही. नियमित औषधं घेणाऱ्यांच्या शरीरातही अशा पेशी असतात, हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. प्रमाण किती, तर विश्रांतीतल्या दहा लाख पेशींत जेमतेम एखादी. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. म्हणजे नुसत्या गोळ्यांवर तो संपायला सत्तरहून जास्त वर्षं. त्यात या पेशी विभागून स्वतःच्या प्रतीही काढतात, ते वेगळंच.

"म्हणजे माझी शंभरी होईल की!" मित्र म्हणाला. मग जरा थांबून, "आणि इम्युनिटी काय झोपा काढते का?"

अजिबात नाही. लागण झाल्यावर काही आठवड्यांत विषाणू कळस गाठतो आणि मग खाली येतो. हे काम किलर टी पेशींचं, म्हणजे सीडी-८ चं. त्या बाधित पेशी हुडकून मारतात. म्हणून तर औषधाविनाही बरेच जण आठ-दहा वर्षं धडधाकट दिसतात. पण विषाणू चेहरा बदलत राहतो, सीडी-८ दमतात आणि त्यांना बळ देणाऱ्या सीडी-४ च घटत जातात. झोपलेल्या पेशीवर तर खूणच नसते. सीडी-८ मारणार कुणाला?

शंभरात एखाद्यापेक्षाही कमी लोक औषधाविना विषाणूला मुठीत ठेवतात. त्यांना 'एलिट कंट्रोलर' म्हणतात. २०२० मध्ये दिसलं, की त्यांच्यापैकी अनेकांत उरलेला विषाणू डीएनएच्या ओसाड, कुलूपबंद भागांत अडकलेला असतो. कार्ड आहे, पण माग तिथवर पोचतच नाही. माझा मित्र त्यांच्यातला नाही. गोळ्या सुरू होण्याआधीचे त्याचे आकडे मी पाहिलेत.

तरीही त्याचा चेहरा "बघू" असाच. मग त्याला मिसिसिपीच्या बाळाची गोष्ट सांगितली. २०१० मध्ये जन्मलेलं, जन्मानंतर ३० तासांत औषधं सुरू झालेलं बाळ. दीड वर्षानं औषधं सुटली, तरी विषाणू दिसेना. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. औषधाविना २७ महिने गेले आणि २०१४ मध्ये विषाणू परत हजर. मोठ्या माणसांत तर गोळ्या थांबवल्यावर बहुतेकदा काही आठवड्यांतच तो उठतो. औषधाला अधूनमधून सुट्टी द्यायचा प्रयोग 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात करून झालाय. पाच हजारांहून जास्त लोक होते त्यात. सुट्टीवाल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त निघाले, म्हणून २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला.

बर्लिनचा पेशंट टिमोथी ब्राऊन बरा झाला तो ल्युकेमियासाठी अस्थिमज्जा बदलावी लागली म्हणून, आणि दात्याच्या पेशींत विषाणूला शिरायचं दारच नव्हतं म्हणून. तसा जिवावरचा उपाय कुणी हौसेनं करत नाही.

आता पार्टीचं खरं कारण. गोळी चालू आणि व्हायरल लोड सतत दबलेला असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासांत अशी एकही लागण आढळली नाही. म्हणजे लग्न, मुलं, सगळं शक्य. मुलीला मात्र आधी सांगायचं, यावर आमचं दोघांचंही एकमत. रोज एक गोळी, तीही सरकारी एआरटी सेंटरवर फुकट. आपल्या सिव्हिललाही सेंटर आहे. २००४ आधी हीच औषधं पदरच्या पैशानं घ्यावी लागत. आणि ऑफिसात कुणी या कारणावरून काढायला बघितलं, तर २०१७ चा कायदा आहे.

"डबीचं काय मग?" मी विचारलं. सध्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरलेल्या असतात. आईनं सर्दी झाली म्हणून त्यातली एक मागितली होती म्हणे! हसावं की रडावं तेच कळेना.

सोमवारच्या सकाळच्या हुतात्माचं तिकीट मी कॅन्सल केलंय. रविवारी रात्री तो आईला सांगणार आहे आणि शेजारी मी हवाय. साहेबांना रजेचा मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.