पाण्याच्या चालीनं

इंग्लंडच्या जुन्या कालव्यांत पाणी जवळजवळ उभं असतं आणि नाव चालते. सात फूट रुंदीच्या त्या लांबोड्या नावा ताशी चार मैलांच्या आतच रेंगाळतात. एल. टी. सी. रोल्ट १९३९ साली अशाच नावेत संसार थाटून निघाले आणि त्यांच्या पुस्तकानं पुढे कितीतरी जणांना या निवांतपणाचं वेड लावलं. आमच्या जायकवाडीच्या डाव्या कालव्यात नाव कुठली? इथं पाणीच वाटसरू. पैठणहून निघायचं आणि २०८ किलोमीटरच्या वाटेनं जालना जिल्हा ओलांडत परभणीकडे यायचं, तेही माणसाच्या चालीनं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, तेव्हापासून या भागाचे डोळे त्या वाटेकडे आहेत.

रब्बीचं आवर्तन सुरू असताना पाथरीकडच्या एका पाटकरीमामांसोबत कालव्याच्या रस्त्यानं दिवसभर हिंडलो. मामांना घाई नव्हती, पण नजर कुठं ठरतही नव्हती. आधी गेजपट्टीवरची पातळी वहीत टिपायची. मग चारीच्या तोंडाशी अडकलेल्या पऱ्हाट्या, बाटल्या, गवत बांबूनं ओढून काढायचं. गेटाचा गंजका स्क्रू दोन्ही हातांनी फिरवला, तेव्हा कुठं बोटभर फट पडली. "एवढ्यात शंभर भांडणं मिटतात," मामा म्हणाले, "न्हाईतर लागतात."

अस्तराच्या फरश्या जागोजागी उचकटलेल्या होत्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या अंगावर घातलेलं काँक्रीट किती दिवस सरळ राहणार? शिवाय काठावर मोटारी, पाण्यात सोडलेले पाइप. वरच्या अंगाला ऊस डुलतो, खाली टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गव्हाला पहिलं पाणीही वेळेवर मिळत नाही. आधी टेलला, मग वर, ही रीत कागदावर आहे. मामांनी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली आणि हसले. मला त्या हसण्यात बेफिकिरी दिसली नाही. अख्ख्या कालव्याच्या चुका एका चाकानं सुधारत नाहीत, एवढंच त्यात होतं.

सावलीत बसून भाकरी सोडली. मला वाटलं, आता जरा निवांत. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. टेलचा शेतकरी होता.

"मामा, पानी कव्हा येतंय?"

"सकाळी. मधी कुनी फोडलं नाही तं."

"अन् फोडलं तं?"

"तं तूच ये वर. दोघं मिळून बुजवू."

मामांनी घास तोंडात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.