‘९० टक्के झालंय’ म्हणजे किती?

हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्यांच्या घरी जेवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं: “९० टक्के काम झालंय!” पुढच्या महिन्यातही तेच. सॉफ्टवेअरमधले टक्के फसवे. माइलस्टोन म्हणजे चालवून दाखवता येईल असं काहीतरी.

उदाहरण आपल्याच गावचं आहे. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८०च्या दशकात सुरू झालं, पण दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रं एकमेकांना जोडलेली नव्हती. सुट्टीत मुंबईला जायचं तर परतीच्या तिकिटाची पंचाईत; आई-बाबांना विचारून पाहा! ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने त्यासाठी ‘कॉन्सर्ट’ प्रणाली तयार केली. ती पाचही ठिकाणी एकदम लावली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला. खरी रांग, खरे प्रवासी. मग बाकीची केंद्रं, आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही जोडली गेली.

खिडकीतून तिकीट बाहेर आलं की नाही, याला टक्के नसतात.

तुमच्या प्लॅनमध्ये ‘डिझाइन पूर्ण’ असा टप्पा असेल, तर तो खोडून ‘एका ग्राहकाने पैसे भरून पावती घेतली’ असं लिहा. तारीख कदाचित चुकेल, पण चुकली हे त्याच दिवशी कळेल.