रात्री दोनला बंद होणारा एसी

मे महिन्यातले नागपूर. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या रोज चालू आहेत. मुलाने दोन वर्षांपूर्वी एसी बसवून दिला. आजी तो रात्री दहाला लावतात आणि दोन वाजता बंद होईल असा टायमर ठेवतात. “रात्रभर कशाला रे? बिल किती येतं! आणि मला काही तेवढं गरम होत नाही,” हे त्यांचे ठरलेले उत्तर. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मनात आता वेगळाच विचार आहे. वेळेनुसार तापमान ठरवून देता येईल आणि फोनवरूनही चालवता येईल असा एसी घ्यावा, किंवा आहे त्याच एसीला स्मार्ट रिमोट जोडावा. पण घ्यावा की नाही?

अशी घरे आज गावोगावी आहेत. वरवर पाहता हा प्रश्न खरेदीचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र आजींच्या शेवटच्या वाक्यात दडलेले आहे.

शरीराचा थर्मोस्टॅट

प्रत्येकाच्या मेंदूत तापमान सांभाळणारे एक केंद्र असते, हायपोथॅलॅमस. शरीर तापू लागले की ते त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, घाम आणते, तहान जागवते. वय वाढते तसे हे काम मंदावते. घाम उशिरा आणि कमी येतो, तहान लागत नाही, उकाडा जाणवायलाही वेळ लागतो. मधुमेह जुना असेल तर घामाच्या ग्रंथींना संदेश देणाऱ्या नसाही कमजोर होतात. त्यात औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते, बीटा ब्लॉकर गटातील औषधांनी हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत, मानसिक आजारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो. ही औषधे मनाने बंद करायची नसतात, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा जरूर विचारावे.

म्हणून “मला गरम होत नाही” या वाक्याला दिलासा समजू नये. खोली गरम आहे आणि शरीराला त्याची खबर नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

रात्र का महत्त्वाची?

दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडत राहतात. वरच्या मजल्यावर हे सर्वांत जास्त. एरवी झोपेत शरीराचे आतले तापमान थोडे उतरते आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होते. दिवसभर उष्णतेशी झगडलेल्या हृदयाची विश्रांती हीच. खोली गार झालीच नाही तर ती मिळत नाही. सलग चार-पाच रात्री असे झाले की आधीच थकलेले हृदय किंवा मूत्रपिंड अडचणीत येते. भारतीय हवामान विभागही याची नोंद घेतो. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर ती ‘उष्ण रात्र’ मानली जाते.

आता दोनच्या टायमरकडे पाहा. एसी बंद होतो, खिडक्या बंदच असतात, स्लॅब अजून तापलेला असतो. खोलीचे तापमान हळूहळू चढू लागते आणि गाढ झोपेतल्या वृद्ध व्यक्तीला ते कळत नाही. वीज वाचते, पण शरीराला गारव्याची गरज असतानाच गारवा जातो.

किती अंश?

कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी वयस्कर व्यक्तींना २२, २६, ३१ आणि ३६ अंशांच्या खोल्यांत प्रत्येकी आठ तास ठेवून पाहिले. २६ अंशांना शरीरावर फारसा ताण आला नाही. ३१ आणि ३६ अंशांना मात्र शरीराचे आतले तापमान वाढले. आपल्याकडच्या लोकांना उकाड्याची सवय जास्त असते हे खरे, तरीही रात्रीसाठी २६ ते २७ अंश आणि सोबत हळू चालणारा पंखा हा समतोल पर्याय आहे.

बिलाची काळजीही इथेच मिटते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून देशात नव्या खोली-एसींसाठी सुरुवातीचे तापमान २४ अंश ठरवून दिले आहे. चार तास २० अंशांवर चालवून बंद करण्यापेक्षा रात्रभर २६ वर ठेवणे शरीराला कितीतरी सोयीचे, आणि बिलातला फरक भीती वाटते तेवढा नसतो.

एक गैरसमज दूर व्हायला हवा. १६ अंश लावल्याने खोली लवकर गार होईल असे अनेकांना वाटते. थर्मोस्टॅट म्हणजे नळ नव्हे, की जास्त फिरवला की जास्त गारवा. कुठे थांबायचे एवढेच तो सांगतो.

मग घ्यावा का?

आधी आहे त्याच एसीवर आठवडाभर प्रयोग करावा. दोनचा टायमर काढून टाकावा आणि २६ वर ठेवावे. रिमोटवर ‘स्लीप’चे बटण असेल तर तेही चालते. बहुतेक एसींमध्ये ते सुरुवातीच्या एक-दोन तासांत तापमान एक-दोन अंशांनी वाढवते. म्हणून सुरुवात २५ ने करावी. पलंगाशेजारी एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. एसीचा सेन्सर वर, यंत्राजवळ असतो; त्याचा आकडा आणि उशीजवळचा आकडा सारखा असेलच असे नाही. पहाटे पाचला तो किती दाखवतो, हे पाहण्यासारखे असते.

आजींना हे स्वतः जमले तर नव्या यंत्राची गरज नाही. रिमोट सापडत नाही, बटणे दिसत नाहीत, विसर पडतो किंवा सवयीने टायमर पुन्हा दोनवर जातो, अशी स्थिती असेल तर वेळापत्रक लावून देता येणारे यंत्र उपयोगाचे. मात्र घेताना वीज जाऊन आल्यावर ते आपोआप, त्याच तापमानावर सुरू होते का, हे आधी विचारावे. उन्हाळ्यात मध्यरात्री वीज गेली की घरचे वायफायही जाते आणि पुण्यातल्या फोनवर काहीच दिसत नाही.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, फक्त खिडकी उघडी हवी. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर निष्प्रभ होतो. तेव्हा खालच्या मजल्यावर झोपणे, अंग ओल्या फडक्याने पुसणे आणि पंखा हे उपाय करावेत.

शेवटचा भाग कोणत्याही यंत्राला जमत नाही. फोनवर दिसतो तो एसी, आई नव्हे. म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याशी बोलावे आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी. बोलणे असंबद्ध वाटले, ती विलक्षण सुस्त वाटली किंवा अंग भाजल्यासारखे गरम लागले, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करायला सांगावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.