भिलाईच्या हवेतला सुवासिक लाल गुलाब

सुवासिक लाल गुलाबाला थंड रात्री हव्या असतात आणि कोरडी पाने. छत्तीसगडमधल्या भिलाईत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. वर्षाचा सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो, आणि त्या दिवसांत पानांवरचे पाणी वाळत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातही थोड्याफार फरकाने हेच. येथे गुलाब लावायचा म्हणजे आठ महिने झाड जगवायचे आणि चार महिने फुले घ्यायची. हा हिशेब पटत नसेल त्याने मोगरा लावावा. तो उन्हाळ्यातच बहरतो.

उन्हाळ्यात फूल येतच नाही असे नाही. पण ते लहान येते, पाकळ्या कमी असतात आणि एका दिवसात उमलून गळून जाते. गुलाबाचा वास पाकळीच्या वरच्या थरात तयार होणाऱ्या जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, फिनाइल इथेनॉल अशा द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये उडून जाणारी असल्याने कडक उन्हात वास सकाळीच ओसरतो. लाल रंगाची अडचण आणखी वेगळी आहे. हा रंग देणारे अँथोसायनिन उष्णतेत कमी तयार होते, आणि गर्द पाकळी ऊन जास्त शोषते. म्हणून मखमली लाल फुलांच्या कडा काळ्या पडून करपतात, पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या तितक्या करपत नाहीत.

म्हणूनच निम्मे यश जातीच्या निवडीत आहे. ‘मिस्टर लिंकन’, ‘पापा मेयाँ’ आणि ‘ओक्लाहोमा’ ही १९६०च्या दशकातली तीन प्रसिद्ध सुवासिक लाल फुले ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालराँ’ या एकाच जोडीची अपत्ये आहेत. स्वभाव मात्र सारखा नाही. ‘मिस्टर लिंकन’ उंच वाढतो आणि उष्णता त्यातल्या त्यात सोसतो, फक्त उन्हात त्याचा लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. ‘पापा मेयाँ’चा वास अप्रतिम, पण भुरी आणि काळे ठिपके यांना तो लवकर बळी पडतो. या सर्वांहून जुना ‘ग्रुस आन टेप्लित्झ’. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या रुडॉल्फ गेश्विंड यांनी तयार केलेला हा गुलाब १८९७ मध्ये बाजारात आला. त्याच्यात चिनी गुलाबाचे रक्त असल्यामुळे तो उष्ण हवेत पुन्हा पुन्हा फुलतो. फूल ढिले, मान खाली घातलेले. प्रदर्शनात मांडण्याजोगे नाही. पण मसाल्याची झाक असलेला त्याचा वास भारतीय बागांत शतकभर टिकून आहे.

छत्तीसगडमध्ये जमिनीचे प्रकार ‘भाठा’, ‘मटासी’, ‘डोरसा’, ‘कन्हार’ या नावांनी ओळखतात. मुरमाड भाठ्यात पाणी टिकत नाही आणि काळ्या चिकट कन्हारात ते निघत नाही. कन्हारात सपाट जमिनीवर लावलेला गुलाब पहिल्याच पावसाळ्यात मुळांनी कुजतो, म्हणून वीस-तीस सेंटिमीटर उंच वाफा हवा. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू समप्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण चालते. लागवड पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. जागा अशी निवडावी की सकाळचे ऊन पूर्ण मिळेल आणि दुपारनंतर पश्चिमेकडून भिंतीची किंवा झाडाची सावली येईल.

वर्षाची मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो. छाटलेली टोके उघडी राहिली तर डायबॅक हा बुरशीजन्य रोग फांदीत वरून खाली उतरतो आणि आठवड्याभरात ती काळी पडते. त्यामुळे कापावर त्याच दिवशी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलम लावलेच पाहिजे. झाडे गमावण्याचे भारतातले डायबॅक हे फार मोठे कारण आहे, आणि हौशी माणूस नेमका येथेच आळस करतो.

मार्चपासून हेतू बदलतो. कळ्या खुडून टाकाव्यात, जोराची छाटणी करू नये, मुळांवर भाताचा पेंढा पसरावा. छत्तीसगडमध्ये त्याला ‘पैरा’ म्हणतात आणि तो सहज मिळतो; वाळवी मात्र तपासत राहावी. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला वाढतो, त्यावर पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. तोही सकाळीच मारावा, म्हणजे पाने उन्हात वाळतात.

पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांची बुरशी मुख्य शत्रू. पान सात-आठ तास ओले राहिले की तिचा संसर्ग होतो. झाडांत दोन-अडीच फुटांचे अंतर, मधल्या दाट फांद्या विरळ करणे आणि गळलेली पाने उचलून नष्ट करणे हे फवारणीहून महत्त्वाचे. युरियाचा मोह या काळात टाळावा; कोवळी, लुसलुशीत वाढ बुरशीला आयतीच मिळते.

हे सारे सांभाळले तर डिसेंबर-जानेवारीत फूल आपल्या पूर्ण आकाराचे, रंगाचे आणि वासाचे येते. भिलाई इस्पात कारखान्याच्या मैत्री बागेतले पुष्पप्रदर्शन हिवाळ्यात भरते, ते उगाच नव्हे.

रोपवाटिकेत नावाच्या चिठ्ठ्या बऱ्याचदा चुकीच्या असतात, आणि ‘डच गुलाब’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक लाल फुलांना वास नसतोच. ती फुलदाणीत जास्त दिवस टिकावीत म्हणून निवडलेली असतात. तेव्हा रोप हिवाळ्यात, फूल लागलेले असताना, सकाळी जाऊन वास घेऊनच विकत घ्यावे. पहिल्या वर्षी ‘ग्रुस आन टेप्लित्झ’ लावावा, तो जगला तर पुढच्या वर्षी ‘मिस्टर लिंकन’. ‘पापा मेयाँ’ सर्वांत शेवटी.