जन्मभूमीवर आकारलेले शुल्क

३० जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परराज्यातील विद्यार्थिनीकडे मागितलेल्या जादा शुल्काविषयीच्या मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्याचा निकाल दिला, त्यास आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आणि दरसाल जुलै उजाडून बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे पालक गुणपत्रिका व अधिवासाचे दाखले घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले, की त्या निकालाचे स्मरण मला हटकून होते. परराज्यातील एखादे चांगले, आपल्या ऐपतीस झेपणारे आणि मुलाच्या मनाच्या ओढीस साजेसे महाविद्यालय शोधणे हा उद्योग आपल्याकडे जुनाच आहे. तो काळानुसार सुकर व्हावयास हवा होता. तसा तो झाला नाही, आणि २०२२ साली केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी जी सामायिक परीक्षा सुरू झाली तिने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची उरलीसुरली वाटही अवघड केली, हे पाहून हा मागोवा घेण्याची इच्छा बळावली.

आरंभीच्या काळाविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. मराठवाड्यातील मुले हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात जात तेव्हा हैदराबाद हे त्यांना परराज्य नव्हतेच. काशीचे हिंदू विद्यापीठ १९१६ पासून सर्व प्रांतांतील विद्यार्थ्यांना सामावून घेत होते. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा तर चित्रकार होऊ पाहणाऱ्या मराठी तरुणांचे माहेरच ठरली. गोव्यात १९८५ पर्यंत स्वतःचे विद्यापीठ नव्हते, त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणासाठी गोमंतकीय मुलांनी धारवाडची किंवा मुंबईची वाट धरणे ओघानेच आले. या साऱ्यांहून महत्त्वाची योजना १९५९ पासून वारंगळ, सुरतकल, भोपाळ, नागपूर अशा ठिकाणी निघालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची होय. कारण तेथील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांना आणि निम्म्या अन्य राज्यांतील मुलांना द्यावयाच्या, असा दंडकच सरकारने घालून दिला होता, आणि शुल्क इतके बेताचे होते की शेतकऱ्याच्या मुलालाही ते देता यावे. मात्र विषाचे बीज याच काळात पडले होते. इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने केवळ बाहेरच्या प्रांतातील विद्यार्थ्याकडून प्रतिव्यक्ती शुल्क (कॅपिटेशन फी) घ्यावे आणि मध्य भारताच्या रहिवाशास त्याची माफी असावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली डी. पी. जोशी यांच्या खटल्यात बहुमताने वैध ठरविला होता.

ज्या दशकाविषयी मला मनापासून लिहावयाचे आहे ते १९८३ ते १९९३ हे होय. त्या काळी मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत होतो. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली खरी. पण नव्या संस्थांचे बस्तान बसेपर्यंत, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी तर त्यानंतरही कितीतरी वर्षे, पैसेवाल्यांचा आणि पैसेवाल्यांचे अनुकरण करणाऱ्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबांचा ओढा कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांकडेच राहिला. निकाल लागला की वर्तमानपत्रांतून जाहिराती झळकत, दलाल गावोगाव हिंडत, आणि ज्या घराने तीन पिढ्यांत जमिनीचा तुकडा कधी गहाण टाकला नव्हता ते घर तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी धाव घेई. मुलाला काय शिकावयाचे आहे हा प्रश्न त्या धामधुमीत कोणाच्या तोंडून निघत नसे. शिळा, खनिजे, नद्यांचे प्रवाह यांचे विलक्षण वेड असलेला माझा एक विद्यार्थी, ज्याने सागरच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकावे असे मी त्याच्या वडिलांना परोपरीने विनविले होते, तो याच लाटेत सापडून सीमेपलीकडच्या एका खासगी संस्थेत यंत्रविद्येच्या वर्गात जाऊन बसला. आणि वर्षभराने मन रमेना म्हणून परतू लागला तेव्हा संस्थेने त्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली व उरलेल्या सर्व वर्षांचे शुल्क भरल्याखेरीज ती मिळणार नाहीत असे बजावले. त्या संस्थेच्या चालकांना मी आजही क्षमा करू शकलो नाही. अशी अडवणूक करू नये असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट शब्दांत फर्माविले. परंतु तोवर कित्येकांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे वाया गेली होती.

परराज्यातील मुलांकडून जादा पैसा घेण्याच्या या व्यवहारावर राजमुद्रा उमटली ती ५ जून १९८९ च्या अधिसूचनेने. कर्नाटकातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी कोट्यातील विद्यार्थ्याने वर्षाला २,००० रुपये, त्या कोट्याबाहेरील कर्नाटकवासी विद्यार्थ्याने २५,००० आणि कर्नाटकाबाहेरून आलेल्या भारतीय विद्यार्थ्याने ६०,००० रुपये भरावे, असे दर तीत नमूद होते. एकच वर्ग, एकच अध्यापक, एकच शवविच्छेदनाचे टेबल, आणि कोटा आणि रहिवासाचा मुलूख यांवरून तिसऱ्याने पहिल्याच्या तीसपट मोल द्यावे, ही गोष्ट प्रजासत्ताकात घडत होती. मीरतच्या मोहिनी जैन यांना तुमकूरजवळच्या महाविद्यालयाने हीच ६०,००० रुपयांची रक्कम मागितली, त्यांच्या वडिलांना ती देणे शक्य नव्हते, आणि त्यातून तो खटला उभा राहिला. प्रतिव्यक्ती शुल्क म्हणजे शिक्षणाची विक्री होय, असे न्यायालयाने म्हटले तेव्हा आमच्या शिक्षककक्षात उमटलेला आनंद मला अद्याप आठवतो. तो अल्पजीवी ठरला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात खासगी महाविद्यालयांच्या जागांची निम्म्या विनामूल्य व निम्म्या सशुल्क अशी वाटणी झाली, आणि २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात तीही व्यवस्था मोडीत निघाली.

त्या दशकाबरोबर आणखी एक गोष्ट लयास गेली, आणि तिचे दुःख मला सर्वाधिक आहे. आमच्या महाविद्यालयात एक वृद्ध ग्रंथपाल होते. ते दर उन्हाळ्यात पोस्टल ऑर्डर पाठवून बनारस, अलीगढ, बडोदे, शांतिनिकेतन, हैदराबाद येथील माहितीपत्रके मागवीत, त्यांतील वसतिगृहाचे व खाणावळीचे दर वहीत उतरून घेत, आणि दारी आलेल्या मुलास आधी त्याच्या आवडीविषयी, मग घरच्या मिळकतीविषयी विचारून दोन-तीन ठिकाणे सुचवीत. मुलाचा स्वभाव आणि बापाची ऐपत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात घेणारा असा माणूस आज तालुक्याच्या गावी मला आढळत नाही. त्याच्या जागी शिकवणी वर्गांचे समुपदेशक आले आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना पसंतिक्रमाचा अर्ज भरता येतो, मुलाची पसंती मात्र ठाऊक नसते.

त्यानंतरच्या वर्षांत लिहिण्याजोगे थोडेच. प्रादेशिक महाविद्यालयांचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत रूपांतर झाले, अन्य राज्यांच्या निम्म्या जागा टिकल्या, पण २०१६ साली वार्षिक शिक्षणशुल्क ७०,००० वरून १,२५,००० रुपयांवर गेले. त्याच वेळी वर्षाला एक लाखाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलांना पूर्ण आणि पाच लाखांपर्यंतच्या कुटुंबांना दोनतृतीयांश माफीही जाहीर झाली. परंतु शुल्काचा आकडा ऐकूनच हताश होणाऱ्या किती पालकांपर्यंत ही माफीची वार्ता पोहोचते? सामायिक परीक्षेच्या निकालाने तर पहिल्याच वर्षी सप्टेंबरचा मध्य गाठला आणि दिल्ली विद्यापीठातील नव्या विद्यार्थ्यांचे वर्ग नोव्हेंबरात भरले. ज्या घरात एकदाच शुल्क भरण्याइतका पैसा आहे, त्या घरातील मुलीने हातची जागा सोडून तोवर थांबावे तरी कसे? ती जवळच्या महाविद्यालयात मिळेल त्या विषयास नाव घालते, आणि हैदराबादेस भाषाशास्त्र शिकण्याचा तिचा मनोदय तेथेच संपतो.

१९४४ साली सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक शहाणपणाचे तत्त्व आहे: अनुसूचित जातीचा विद्यार्थी कोणत्याही राज्यात शिकावयास गेला तरी त्याची शिष्यवृत्ती त्याच्या मूळ राज्याने द्यावयाची. रक्कम वेळेवर मिळत नाही ही तक्रार खरी असली तरी तत्त्व निर्दोष आहे. तेच तत्त्व महाराष्ट्र सरकारने परराज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश मिळविणाऱ्या प्रत्येक अल्प उत्पन्न कुटुंबातील मुलास लागू करावे, आणि केंद्राने सामायिक परीक्षेचे निकाल राज्यातील प्रवेशांची मुदत संपण्यापूर्वी लावावेत, एवढीच माझी मागणी आहे. ती पुढील जूनपर्यंत पुरी करणे दोन्ही सरकारांस अशक्य नाही.